करवत सरळच जाते

बँडसॉच्या, म्हणजे पट्ट्यासारखं ब्लेड फिरवून लोखंड कापणाऱ्या करवतीच्या, माहितीपत्रकात एक ओळ हमखास असते: 'व्हाइस ० ते ४५ अंश फिरतो.' व्हाइस म्हणजे कापायचा तुकडा, आमच्या भाषेत जॉब, दोन जबड्यांत धरणारा शिकंजा. ओळ खोटी नाही. फिरतो. स्थिर जबड्याचे दोन बोल्ट ढिले करायचे. एकाभोवती जबडा वळतो, दुसरा वक्र खाचेतून सरकतो. हवा तो कोन आला की दोन्ही आवळायचे. सरकता जबडा एकाच बोल्टवर डुलत असतो, जॉबला टेकला की तो आपोआप समोरच्याला समांतर होतो. विकणाऱ्याच्या दृष्टीनं विषय संपला. घेणाऱ्याचा तिथून सुरू होतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. वडिलांनी काढलेलं, आता मी बघते. ऊस हंगामाच्या आधी ट्रॉल्यांची दुरुस्ती, पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्यांच्या आणि गुऱ्हाळघरांच्या शेडचे ट्रस (छपराचे तिकोनी सांगाडे), आणि वर्षभर गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे. यातल्या कुठल्याही कामात तिरपा कट चुकत नाही. ट्रॉलीच्या बाजूला आधार तिरपा, ट्रसच्या पोटातले सगळे दांडे तिरपे, कठड्याचा वरचा पाइप जिथं वळतो तिथं तिरपा. सरळ कट मारणं हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात देतात.

बँडसॉ येण्याआधी सगळं १४ इंची चाकाच्या कट-ऑफ मशीनवर व्हायचं. ठिणग्या, जळका वास, कानठळ्या आणि कापलेल्या तोंडावर निळी पडलेली कड. काम झटपट होतं, हे मान्य. पण ते चाक पातळ. तिरप्या बाजूवर टेकलं की दबतं, आणि ४५ म्हणून कापलेला तुकडा ४४ भरतो. चार कोपऱ्यांच्या चौकटीत आठ कट असतात. प्रत्येकात पाव अंशाचा फरक पडला आणि सगळे फरक एकाच बाजूचे निघाले, तर शेवटच्या कोपऱ्यात दोन अंशांची फट उरते. ती वेल्डिंगनं भरायची, ग्राइंडरनं घासायची, वर पुट्टी लावायची, ही धंद्यातली जुनी पळवाट. रंग दिल्यावर कळत नाही. दोन पावसाळे गेले की कळतं, कारण त्या भरावातनं आधी गंज वर येतो.

आमचा बँडसॉ लहानच आहे. आडवा, आत ४ इंच गोल बार किंवा ४ बाय ६ इंच चौकोन बसेल एवढा. अर्धा इंच रुंदीचं ब्लेड, जाडी ०.६५ मिलिमीटर. स्वतःच्या वजनानं खाली उतरतं, कापून झालं की स्विच आपोआप पडतो. तुकडा हातात घेतला तर कोमट असतो. या मशीनबद्दल माझी तक्रार एकच, आणि ती ब्लेडबद्दल नाही, धरण्याबद्दल आहे.

स्क्रू सरळ ढकलतो आणि जबडे तिरपे असतात. ३० अंशांवर लावलेल्या जबड्यांत स्क्रूच्या जोराचा निम्मा वाटा जॉबला बाजूला ओढण्याकडे जातो, ४५ वर जवळपास ७० टक्के. म्हणजे हँडल फिरवत जावं तसा पाइप आवळला जातो आणि त्याच वेळी हळूच सरकतोही. रेघ ब्लेडखाली होती; आवळून बघावं तर ती दोन मिलिमीटर पलीकडे. पुन्हा ढिलं, पुन्हा आवळ. तुकडा आखूड असला तर जबडे एका टोकाला चावतात, दुसऱ्या टोकाला आ वासून राहतात. आणि खरा वैताग पुढेच आहे: स्थिर जबडा एकदा वळवला की त्याचा काटकोन गेला. परत ० वर आणायचा तर गुण्या घ्या, ब्लेडला लावा, बोल्ट आवळा, आवळताना जबडा केसभर फिरतो, पुन्हा ठोका. सकाळी एकानं ट्रससाठी जबडा वळवला, दुपारी दुसऱ्यानं घाईत सरळ कट मारले आणि संध्याकाळी वेल्डर कपाळाला हात लावून बसला, हे चित्र आमच्याच काय, गल्लीतल्या कुठल्याही शेडमध्ये दिसेल.

आमच्याकडे एक मामा आहेत. नात्यानं नव्हे, वडिलांच्या वेळेपासून कामावर असलेल्या माणसाला मी लहानपणापासून हीच हाक मारत आले. व्हाइसशी माझी झटापट चाललेली बघून ते म्हणाले, "ताई, करवतीला कोन कळत न्हाई. तिला खाली जायचं तेवढं ठावं. तिरपं व्हायचं ते जॉबानं, आन् त्याला तिरपं धरायचं ते आपण. त्या व्हाइसला कशाला पिरगाळतासा?"

मग आम्ही स्थिर जबडा गुण्यात लावला, बोल्ट कचकचून आवळले आणि बोल्टच्या डोक्यावरून जबड्यावर येईल अशी लाल रंगाची रेघ मारली. रेघ तुटलेली दिसली तर कुणीतरी हात लावला असं समजायचं. व्हाइसनं यापुढे फक्त काटकोन सांभाळायचा. कोन सांभाळायला वेगळी वस्तू करायची.

ती वस्तू म्हणजे एक प्लेट. १२ मिलिमीटर जाडीची, माइल्ड स्टीलची, जबड्यांच्या डोक्यावर सपाट बसणारी. तिच्या पोटाला खालून २५ मिलिमीटरचा चौकोनी बार ॲलन बोल्टनं पक्का केलेला. जबडे धरतात ते त्या बारला. जबडा गुण्यात आहे म्हणजे बार गुण्यात, बार गुण्यात म्हणजे प्लेट गुण्यात. प्लेट ठेवायची, हँडल फिरवायचं, झालं. काढायची तर तितकंच सोपं, आणि खाली काटकोन जागच्या जागी.

याची किंमत उंचीत मोजावी लागते. जबड्यांवर प्लेट चढली की ४ इंचांतले वर कसेबसे २ इंच उरतात. एखाद्या जड कामाच्या शेडला हे परवडणार नाही. आमचे पाइप ४० आणि ५० चे, ट्रसचा अँगलही ५० च्या वर क्वचितच जातो, तेव्हा आमचं भागतं. ब्लेडचे गाइड खाली येताना प्लेटच्या दोन कोपऱ्यांना घासत होते, म्हणून ते कोपरे तिरके उडवून टाकले. असल्या गोष्टी कागदावर काढताना सुचत नाहीत. डोकं खाली येतं, 'टक' असा आवाज होतो, आणि मग सुचतात.

प्लेटसाठी काळी, एचआर (गरम असताना लाटलेली) घ्यावी की ब्राईट, यावर आमच्यात बराच वाद झाला. ब्राईट दिसायला गुळगुळीत, मापाला चोख. पण ती थंड असतानाच ओढून काढलेली असते, कातडीत ताण भरलेला असतो. एका बाजूनं मिलिंग केलं की तो ताण मोकळा होतो आणि पट्टी वाकते. एचआरमध्ये हा त्रास बराच कमी. तिच्यावरची काळी खवली दोन्ही बाजूंनी सारखीच काढून घेतली. खालच्या बारला मात्र ब्राईट चालतो, त्याला खरवडायचंच नसतं.

आता कोन. प्लेटच्या ब्लेडकडच्या कोपऱ्यात एक भोक, त्यात खिळ. त्या खिळीभोवती एक जाड पट्टी फिरते, जॉब तिला टेकतो. पट्टीचं दुसरं टोक कुठं थांबवायचं, यावर सगळा खेळ. पहिला विचार येतो तो अर्धगोल खाच कापून त्यावर अंशांच्या खुणा करण्याचा. मी तो बाजूला ठेवला. खाचेत पट्टी कुठंही थांबते, म्हणजे माणूस थांबवेल तिथं थांबते, आणि संध्याकाळच्या उजेडात ३० ची खूण ३१ लाही जुळते. आम्हाला रोजच्या कामात लागणारे कोन मोजकेच: १५, साडेबावीस, ३०, ४५ आणि ६०. तर मग पाच भोकंच पाडावीत आणि ८ मिलिमीटरची डॉवेल पिन ठोकावी. पिन बसली तर कोन बरोबर. चुकीचा असेल तर ती बसतच नाही.

खिळीपासून पिनेपर्यंतचं अंतर १५० मिलिमीटर धरलं. भोकांच्या जागा कोनमापकानं आखण्यापेक्षा हिशेबानं काढणं सोपं. ३० अंशांसाठी आडवं १२९.९० आणि उभं ७५; ४५ साठी दोन्हीकडे १०६.०७, साडेबाविसासाठी १३८.५८ आणि ५७.४०. ६० म्हणजे ३० चेच आकडे उलटे. शाळेत कोष्टकातून काढलेले साइन-कोसाइन इतक्या वर्षांनी लोखंडात उतरताना बघून मला बरं वाटलं, हे सांगायला हरकत नाही. गल्लीत एकाकडे डीआरओ, म्हणजे अंतर आकड्यांत दाखवणारा डबा, लावलेलं मिलिंग मशीन आहे. त्यावर भोकं पाडली आणि ती मापाला चोख करायला रिमर फिरवला. जागेत ०.१ मिलिमीटरचा फरक राहिला असं धरलं तरी दीडशेच्या अंतरावर तो जेमतेम सव्वादोन मिनिटांचा (अंशाचे साठ भाग केले तर त्यातल्या सव्वादोन भागांचा) कोन होतो. ५० च्या पाइपवर कागदाच्या जाडीहूनही कमी. ब्लेड स्वतः त्याहून जास्त भरकटतं.

साडेबावीस कशाला, असं कुणी विचारेल. अष्टकोनासाठी. तुळशी वृंदावनाची चौकट, मंडळाच्या मंडपातला चौथरा, बागेतला ओटा, आठ बाजूंचं काही आलं की प्रत्येक तोंड साडेबावीस. तिथं कट सोळा असतात, म्हणजे चुकीला साठायला चौकटीच्या दुप्पट जागा.

पट्टी मी लोखंडी अँगलची करणार होते. पण कोल्हापुरात राहून एखादी वस्तू जोडून-वेल्ड करून घ्यायची म्हटलं की चार माणसं विचारणार, "ओतून का घेत न्हाईस?" इथं शिरोलीला, गोकुळ शिरगावला माणसं बिडाच्या ओतकामावर मोठी झालेली. वेल्ड केलेला अँगल थंड होताना ओढला जातो आणि काटकोनातून सुटतो. बीड एकदा मशीनवर घासून सरळ केलं की तसंच राहतं, शिवाय थरथर पोटात घेतं. म्हणून पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा लाकडी नमुना, करायला दिला.

पॅटर्नवाल्याचं काम बघत बसणं हा माझा जुना छंद. त्याची मोजपट्टी आपल्या मोजपट्टीहून लांब असते. बीड गोठताना आणि थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आक्रसतं, म्हणून तेवढी वाढ मोजपट्टीच्या खुणांतच धरलेली. त्याला प्रत्येक मापाला हिशेब करावा लागत नाही, तो सरळ मोजत जातो आणि आकार आपोआप मोठा होतो. शिवाय मशीनिंगसाठी जिथं घासायचं तिथं तीनेक मिलिमीटर जादा. आणि उभ्या बाजूंना किंचित उतार, म्हणजे पॅटर्न वाळूतून उचलताना कड ढासळत नाही. मी त्याला काटकोनाचा तुकडा सांगितला होता आणि त्यानं मला एकही बाजू काटकोनात नसलेलं लाकूड दिलं. तेच बरोबर होतं. फौंड्रीवाले टनांत काम करणारे, एका नगासाठी कोण वाळूच्या साच्याचा डबा मांडणार? पण कुणाच्या तरी डब्यात कोपऱ्याला जागा असतेच. ओतून आल्यावर ओळखीच्या शेपर मशीनवर दोन तोंडं घासून घेतली. पाठीला दोन फासळ्या, बूड रुंद. नाजूक काही नाही.

प्लेटवर एम८ च्या आट्यांची भोकं ओळीनं पाडली, ६.८ च्या ड्रिलनं आणि मग टॅप. त्यांत क्लॅम्पची पट्टी हवी तिथं लागते. क्लॅम्प पाइपला खाली दाबतो आणि एक आडवा स्क्रू त्याला बिडाच्या पट्टीवर रेटतो. दोन्ही दाब वेगळे, त्यामुळे आवळताना सरकणं बंद. पट्टी कुठल्या बाजूला असावी याचाही नियम आहे: ब्लेड ज्या दिशेला ओढतं, त्या बाजूला. म्हणजे कापण्याचा जोर जॉबला पट्टीवर दाबतो. उलट बाजूला ठेवली तर तोच जोर जॉबला क्लॅम्पपासून सोडवायला बघतो, आणि ते सुटणं कट अर्ध्यावर आल्यावरच होतं.

प्लेटच्या आधी आम्ही पाचरी करून बघितल्या होत्या, आजही त्या आखूड तुकड्यांना वापरतो. एका ठोकळ्याला तिरपा कट मारला की दोन सारख्या पाचरी निघतात. एक स्थिर जबड्याकडे, दुसरी उलटी करून सरकत्या जबड्याकडे. मध्ये जॉब तिरपा, बाहेर जबडे समांतर. दिसायला फार देखणी युक्ती. पण लोखंडावर लोखंडाची पकड साताठ अंशांपर्यंतच टिकते, त्यापुढे घर्षण हरतं आणि १५ ची पाचर आवळता आवळता साबणाच्या वडीसारखी निसटते. म्हणून प्रत्येक पाचरीच्या जाड टोकाला एक ओठ ठेवला, तो जबड्याच्या कडेला अडकतो. ओठाच्या आतल्या कोपऱ्यात करवतीनं एक बारीक चीर घेतली, नाहीतर तिथं बर, म्हणजे कापताना कडेला उरलेला लोखंडाचा पापुद्रा, अडकतो आणि पाचर पूर्ण टेकत नाही.

सरकत्या जबड्याच्या लांबच्या टोकाला आटे पाडून एक एम१० चा बोल्ट आणि चेकनट बसवलाय. जॉब आखूड असला की हा बोल्ट पुढे काढून समोरच्या जबड्याला टेकवायचा, जबडा तोंड वाकडं करत नाही. ही युक्ती आमची नाही, ज्याच्याकडे असलं मशीन आहे त्यानं कधी ना कधी केलेली असते.

लांबीच्या स्टॉपरबद्दल, म्हणजे सगळे तुकडे एकाच लांबीचे निघावेत म्हणून लावलेल्या अडसराबद्दल, मात्र थोडं थांबून सांगते, कारण सरळ कटाचा स्टॉपर तिरप्या कटाला चालत नाही. सरळ तोंड स्टॉपरला पूर्ण टेकतं. तिरप्या तोंडाचं फक्त टोक टेकतं, आणि टोकाला बर असतो. प्रत्येक तुकडा त्या बराएवढा वेगळा. म्हणून स्टॉपरचं तोंडही त्याच कोनात कापलं, म्हणजे बाजू बाजूला टेकते. दुसरी गोष्ट: कट संपत आला की स्टॉपर मागं घ्यायचा. तो तसाच राहिला तर सुटलेला तुकडा ब्लेड आणि स्टॉपर यांच्यात अडकतो, तिरका होतो आणि ब्लेडचे दात उडवतो. आमचा स्टॉपर लावून झाल्यावर पाव फेरा मागं सरतो, त्याला तसा स्क्रू दिलाय.

कोन बरोबर आलाय की नाही हे बघायला महागडं काही लागत नाही. ४५ चे दोन तुकडे कापा, एक उलटा करून तोंडाला तोंड लावा, आत गुण्या ठेवा. फरक दुप्पट होऊन दिसतो. लपायला जागा नसते.

हे सगळं करायला गेलेला वेळ कुठल्या बिलात लावायचा, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. गिऱ्हाईक कटाचे पैसे देतं, वेल्डिंगचे देतं, रंगाचे घासाघीस करून देतं. धरण्याचे कुणी देत नाही. मशीन घेतलं की चार माणसं बघायला येतात, नारळ फुटतो, पेढे वाटतात. जिग, म्हणजे जॉब धरायची असली प्लेट किंवा पाचर, केलं की ते टांगायला भिंतीवर आणखी एक खिळा मारला जातो. माझं मत असं झालंय की एखाद्या वर्कशॉपला काय येतं हे त्याच्या मशीनवरून कळत नाही, त्या भिंतीवरून कळतं. मशीन कर्ज काढून कुणालाही आणता येतं.

म्हणूनच भंगारवाल्याकडे गेलं की माझा पाय निघत नाही. बंद पडलेल्या शेडमधला माल तिथं येतो. लेथ, ड्रिल लगेच ओळखू येतात, त्यांना गिऱ्हाईक असतं. बाजूला ढिगात पडलेले असतात ते हे भिंतीवरचे तुकडे. एकदा त्यातून एक बिडाचा ठोकळा उचलला. एक तोंड तिरकं, मध्ये पायरी, पायरीत अर्धगोल खोबण, आणि कडेला सेंटर पंचाचे दोन ठिपके. तिरकं तोंड हातानं खरवडून आरशासारखं केलेलं. खोबणीत तेल मुरलेलं. कुणीतरी या वस्तूवर जीव लावून काम केलं होतं, आणि तिच्यात धरून शेकडो नग कापले किंवा छेदले गेले असणार. तेलाच्या इंजिनाचा एखादा हात? चरकाचा भाग? बराच वेळ उलटसुलट करून बघितलं. शेवटी विचारलं, "दादा, हे कशाचं?"

"किलोवर हाय."

घेतला. अजून मला कळलेलं नाही तो काय धरायचा. दोन ठिपके म्हणजे नग दुसरा की उजवी-डावीतला डावा, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

कोल्हापूरला यंत्राचा अभिमान जुना आहे आणि तो रास्त आहे. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास या गावात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा तयार केला, आणि पुढे १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला. त्या कॅमेऱ्याबद्दल आपण शाळेपासून ऐकतो. मला मात्र तो विषय निघाला की दुसरंच काहीतरी डोळ्यांपुढे येतं: फिल्म ओढणारे ते बारीक भाग कानसीखाली कसे धरले असतील? व्हाइसमध्ये नुसते धरले तर चेपतील. काहीतरी खाचा, काहीतरी पट्ट्या, जबड्यांना आतून लावायचे लाकडाचे नाहीतर शिशाचे गाल केलेच असणार. कॅमेरा इतिहासात गेला. गाल कुठं गेले असतील ते मी भंगारवाल्याकडे बघून आले आहे.

त्यामुळे आमच्या वस्तूंवर नंबर पंचानं नीट लिहायचं असं ठरवलं, आणि तिथं वेगळाच पेच उभा राहिला. प्लेटच्या भोकापाशी काय ठोकायचं? काटकोनापासून मोजला तर ३०, पाइपच्या लांबीपासून मोजला तर तोच कट ६०. दोन्ही बरोबर. ड्रॉइंगवाला एक म्हणतो, मशीनवरच्या अंशांच्या खुणा दुसरं. आणि मामांना दोन्ही नको.

कारण मामा अंशात बोलतच नाहीत. आमच्या धंद्यातली निम्मी माणसं बोलत नाहीत. शेडचा उतार विचारला तर उत्तर येतं, "फुटाला तीन इंच." म्हणजे १४ अंश. जास्त पावसाकडे, गगनबावड्याच्या बाजूला शेड असेल तर "फुटाला चार," म्हणजे साडेअठराच्या आत. टेप आणि गुण्या एवढ्यावर हे जमिनीवर आखता येतं, कोनमापक लागत नाही. मी आधी याला जुनाट पद्धत समजायचे. हिशेब करून बघितल्यावर ध्यानात आलं की मिलिंगवर मी जे आडवं-उभं अंतर टाकलं तेही हेच होतं, फक्त दशांश चिन्हासकट.

देवळाचंही असंच असावं. अंबाबाईच्या देवळात ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वाराच्या बाजूनं गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर, मग मुखापर्यंत. वाटेत इमारत किंवा आभाळात ढग आले की पोहोचत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी गावभर तीच चर्चा. त्या दिवसांत कोल्हापुरात सूर्य पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो. सूर्य काही कुणासाठी वाट वाकडी करत नाही. दगड तसा धरून ठेवलाय. तो धरणाऱ्यांकडे अंश होते की दोरी आणि काठीचं माप होतं, मी सांगू शकत नाही. पण दोरी-काठीनं हे जमतं, एवढं आता मी पैजेवर सांगेन.

तर शेवटी प्रत्येक भोकापाशी दोन आकडे ठोकले. वर अंश, काटकोनापासून मोजलेले, आणि तसं सांगणारी ० ची रेघ. खाली मामांच्या भाषेत इंच. १५ ला जवळपास सव्वातीन, साडेबाविसाला पाच, ३० ला सात, ४५ ला बारा. पाचरींवरही तेच. स्टॉपरवर कोन आणि कुठल्या कामाला ते. त्या भंगारातल्या ठोकळ्यावर काही ठोकलं नाही, तो खिळ्यावर तसाच आहे, आल्यागेल्याला विचारते.

६० चा आकडा मी सांगितला तेव्हा मामांनी पंच हातातच ठेवला. "किती म्हनलासा?"

"पावणेएकवीस."

"फुटाला पावणेएकवीस?" त्यांनी प्लेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ताई, ह्या शेडवर गिऱ्हाईक चढनार कसं ते बी लिवा मग खाली."